अखेरच्या मुक्कामाचा पाहुणा

घरात कुत्रा आणावयाचे ठरले म्हणजे बहुधा पिल्लाचा शोध सुरू होतो. मुलांना खेळावयास सोबती मिळावा, तो आपल्या हाताखाली वाढावा, दहाबारा वर्षे तरी त्याने घराची राखण करावी, असा त्यामागे सरळ हिशोब असतो. परंतु हा हिशोब उलटा मांडणारी काही कुटुंबेही जगात आहेत. ती जाणूनबुजून म्हातारा, आजारी, कोणीतरी टाकून दिलेला कुत्रा घरी आणतात. त्याचे आयुष्य आता थोड्या महिन्यांचे, क्वचित थोड्या आठवड्यांचेच उरले आहे, हे पशुवैद्याने त्यांना आधीच सांगितलेले असते. तो राखण करणार नसतो, खेळणार नसतो, आणि त्याचा लळा लागतो न लागतो तोच त्याच्या जाण्याची वेळ येणार असते. तरीही ही माणसे त्याला दार उघडतात.

या लेखात अशा घरांची ओळख करून द्यावयाची आहे. आणि त्यातही, त्या घरांत अखेरच्या मुक्कामास येणाऱ्या एका विशिष्ट जातीच्या पाहुण्याची, म्हणजे इंग्लिश बुलडॉगची. म्हातारा झालेला कोणताही मुका प्राणी दयेस पात्र आहेच. बुलडॉगची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. त्याच्या म्हातारपणाच्या पुष्कळशा यातना निसर्गाने दिलेल्या नाहीत. त्या माणसाने आपल्या हौसेपायी त्याच्या शरीरात घातल्या आहेत. म्हणून त्याची अखेरची सेवा करणे हे उपकारापेक्षा ऋणफेडीच्या अधिक जवळ जाते.

माणसाने घडविलेले शरीर

बुलडॉगचे चित्र वाचकांनी पाहिलेच असेल. रुंद छाती, आखूड पाय, भलेमोठे डोके, आत दबलेले नाक आणि गालांवर ओघळणाऱ्या मांसाच्या वळ्या. चेहरा उग्र, पण स्वभाव बहुधा गरीब आणि लाघवी. या जातीचे पूर्वज इंग्लंडात एका क्रूर खेळासाठी पोसले जात. बैलाला दोरीने खुंटाला बांधावयाचे, त्याच्यावर कुत्रे सोडावयाचे, कुत्र्याने बैलाचे नाक दातांत धरून लोंबकळावयाचे आणि भोवतालच्या लोकांनी पैजा लावावयाच्या. १८३५ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून हा खेळ बंद केला. त्या दिवसापासून बुलडॉगला काही काम उरले नाही.

काम संपले तरी जात संपली नाही. ती श्वानप्रदर्शनांत शिरली. १८७५ साली इंग्लंडात बुलडॉगच्या शौकिनांचा क्लब स्थापन झाला. पुढे पिढ्यान् पिढ्या अधिक चपट्या तोंडाची, अधिक रुंद डोक्याची आणि अधिक वळ्यांची पिल्ले निवडून त्यांचीच पैदास होत गेली. तोंडाचे हाड आखूड झाले, पण आतील मांस त्या प्रमाणात कमी झाले नाही. परिणामी नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद, टाळूचा मागचा मऊ भाग घशात लोंबणारा आणि श्वासनलिका पुष्कळदा शरीराच्या मानाने बारीक, अशी त्याची रचना झाली. ज्या घोरण्याला आपण कौतुकाने हसतो, ते घोरणे म्हणजे हवेसाठी चाललेली त्याची झटापट असते.

डोके आणि खांदे इतके रुंद की कुत्रीला पिल्ले प्रसवणे कठीण जाते. ब्रिटनमधील एका पाहणीत बुलडॉगची शंभरांपैकी ऐंशीहून अधिक वेते पोट फाडून, म्हणजे सिझेरियन शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले. २०२२ साली ब्रिटनमधील पशुवैद्यकीय नोंदींवरून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सर्व कुत्र्यांचे सरासरी आयुर्मान ११.२३ वर्षे निघाले. इंग्लिश बुलडॉगचे निघाले ७.३९. सात वर्षांचा एखादा साधा गावठी कुत्रा भर तारुण्यात असतो. त्याच वयाच्या बुलडॉगला म्हातारा म्हणावे लागते.

सुधारणेचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. ब्रिटनच्या केनेल क्लबने २००९ साली या जातीच्या आदर्श लक्षणांचे वर्णन बदलून अतिरेकी ठेवणीस आळा घातला. दोनदा सिझेरियन झालेल्या कुत्रीची पुढील पिल्ले न नोंदविण्याचा नियम त्याने २०१२ पासून केला. २०१९ पासून केंब्रिज विद्यापीठाच्या साहाय्याने श्वासाची तपासणी सुरू झाली. तीत कुत्र्याला तीन मिनिटे दुडक्या चालीने चालवून आधी व नंतर त्याचा श्वास ऐकतात व शून्य ते तीन अशी श्रेणी देतात. हे सर्व पुढच्या पिढ्यांसाठी झाले. जो आज म्हातारा होऊन दारात धापा टाकीत उभा आहे, त्याला त्याचा काय उपयोग?

टाकला कसा जातो?

असा कुत्रा निराधार होण्याची कारणे अनेक असतात. कधी धनी मरण पावतो व वारसांना कुत्रा नको असतो. कधी औषधांचा खर्च पेलत नाही. कधी घर बदलते आणि नव्या घरी कुत्र्यास मज्जाव असतो. पैदाशीच्या धंद्यात राबविलेल्या कुत्रीची दशा सर्वांत वाईट. वेतामागून वेत झाले, पोटावर टाक्यांचे व्रण पडले, आणि पिल्ले होईनाशी झाली की तिला कोणी विचारीत नाही.

आपल्याकडेही ही हौस येऊन पोहोचली आहे. मोठ्या शहरांत बुलडॉग विकत मिळतो आणि त्याची किंमतही भारी असते. केंद्र सरकारने २०१६ साली व्यापारी पैदाशीसाठी परदेशी कुत्रे आयात करण्यास मनाई केली. परंतु तोवर येथे आलेल्या कुत्र्यांची पैदास येथेच चालू राहिली. थंड देशात घडविलेल्या या प्राण्याला ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबाद किंवा वडोदरे येथील उन्हाळा सोसत नाही. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा शरीर थंड करण्याचा मुख्य उपाय. बुलडॉगला नेमके तेच जमत नाही. उलट त्या धापांच्या श्रमानेच त्याचे अंग अधिक तापते. गोव्यात पारा तितका चढत नसला तरी हवा दमट असते, आणि दमट हवेत धापांचा उपयोग आणखी कमी होतो. मग आजारांवर आजार सुरू होतात, आणि एके दिवशी तो रस्त्यावर दिसतो. उपाशीतापाशी मरेल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. त्या कायद्यात पहिल्या अपराधाला दंड ठेवला होता तो मात्र फार तर पन्नास रुपयांचा!

पालकघर म्हणजे काय?

असाध्य रोग्याला बरे करण्याचा हट्ट सोडून त्याचे उरलेले दिवस वेदनेवाचून जावेत याची व्यवस्था करावी, हा विचार आधुनिक वैद्यकात रुजविला तो सिसिली सॉन्डर्स या बाईंनी. त्यांनी १९६७ साली लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. माणसांसाठी निघालेली ही वाट पुढे मुक्या प्राण्यांपर्यंत पोहोचली. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात २००४ साली ‘ओल्ड डॉग हेवन’ व सॅन फ्रान्सिस्को येथे २००७ साली ‘मटव्हिल’ अशा म्हाताऱ्या कुत्र्यांसाठीच्या संस्था निघाल्या. ज्या कुत्र्यांना कोणी कायमचे दत्तक घेणे संभवत नाही, त्यांना त्या अखेरपर्यंत राहण्यासाठी कुटुंबांच्या घरी ठेवतात.

दत्तक घेणे आणि असे पालकघर होणे यांत भेद आहे. पालकघराच्या या व्यवस्थेत कुत्रा संस्थेचाच राहतो. औषधपाण्याचा खर्च व पशुवैद्याची सोय संस्था पाहते. घराने द्यावयाचे ते छप्पर, अन्न, वेळ आणि माया. पिंजऱ्यांच्या रांगेत, इतरांच्या भुंकण्यात, सिमेंटच्या गार फरशीवर मरण येण्याऐवजी एखाद्या चुलीच्या उबेजवळ, ओळखीच्या पावलांचा आवाज ऐकत ते यावे, एवढाच या सगळ्या खटाटोपाचा हेतू.

दिवसाची कामे

म्हातारा बुलडॉग घरी आला म्हणजे प्रथम त्याला निजू द्यावे. पहिले आठ दिवस पाहुणेरावळे, शेजारची मुले, घरातील दुसरी जनावरे यांना त्याच्यापासून दूर ठेवावे. तो कोपऱ्यात तोंड करून पडला तर पडू द्यावे. ज्याचे घर एकदा सुटले आहे त्याला दुसऱ्या घरावर विश्वास टाकावयास वेळ लागतो. रेबीजची व इतर लस टोचलेली आहे किंवा नाही याची खात्री मात्र पहिल्याच दिवशी करून घ्यावी.

गळ्यात पट्टा बांधून ओढणे या कुत्र्याला घातक आहे. आधीच अरुंद असलेल्या श्वासाच्या वाटेवर दाब येतो. म्हणून छातीवरून जाणारा पट्टा वापरावा. फिरावयास न्यावे ते भल्या पहाटे किंवा रात्री उशिरा, आणि तेही तो चालेल तितकेच. तो मध्येच बसला तर त्याला आळशी म्हणू नये. त्याचा श्वास संपलेला असतो. जिभेचा रंग गुलाबी राहतो का, याकडे लक्ष असावे. ती निळसर दिसू लागली, श्वासाला घरघर लागली, तोंडातून फेसाळ लाळ गळू लागली, तर क्षणाचाही विलंब न लावता त्याला सावलीत घ्यावे, अंगावर गार पाणी ओतावे, पंखा लावावा आणि मग डॉक्टरांकडे धाव घ्यावी. पाणी गच्चीवरील टाकीतले तापलेले नसावे. माठातले वा विहिरीचे असावे.

चेहऱ्यावरील वळ्या रोज ओल्या स्वच्छ फडक्याने पुसून नंतर पूर्ण कोरड्या कराव्यात. ओल राहिली की तेथे कातडी लाल होते, दुर्गंधी येते व किडण सुरू होते. शेपटी आखूड व पिळलेली असल्यामुळे तिच्या बुडाशी एक खळगा असतो. त्याचीही रोज सफाई करावी लागते. हे काम नव्या माणसाला किळसवाणे वाटते, पण एखादा आठवडा गेला की हात सरावतो आणि कुत्राही मान पुढे करू लागतो. डोळ्यांतील ओलावा कमी पडून ते कोरडे होणे हेही या जातीत पुष्कळ आढळते. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेले थेंब वेळच्या वेळी घालावेत.

गुळगुळीत फरशी हा दुखऱ्या सांध्यांचा शत्रू. जिन्याशी आडकाठी लावावी आणि त्याच्या वावरण्याच्या वाटेवर सतरंज्या किंवा गोणपाट अंथरावे. निजताना डोके थोडे उंच राहील अशी उशी द्यावी. त्याने श्वास सुलभ होतो. काही बुलडॉग तोंडात खेळणे धरून झोपतात. तोंड उघडे राहावे म्हणून त्यांनी स्वतःच शोधलेली ती युक्ती असते. रात्री लघवी आवरली नाही तर रागावू नये. जुनी धडपी खाली घालावी, आणि सकाळी मुकाट्याने धुवावीत.

अन्न मऊ, कोमट आणि थोडे थोडे तीनचार वेळा द्यावे. कांदा-लसूण घातलेले कालवण, द्राक्षे, बेदाणे, मनुका व चॉकलेट ही त्याला विषासमान आहेत. तेव्हा नाताळच्या केकचा तुकडा मुलांनी प्रेमाने भरवू नये. माणसाच्या अंगदुखीची गोळी तर कदापि देऊ नये. पॅरासिटॅमॉल व आयबुप्रोफेन यांसारखी आपली नित्याची औषधे कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. त्याच्या वेदनेवर त्याची औषधे आहेत, आणि ती पशुवैद्याच्या सांगण्यानेच द्यावयाची असतात.

वेदना ओळखणे हे मात्र घरच्यांचेच काम. हा कुत्रा फार सोशिक. तो क्वचितच विव्हळतो. पडल्या जागी धाप लागणे, रात्री जागा बदलत राहणे, एकाच सांध्याला चाटत बसणे, आवडीच्या माणसाला पाहूनही न उठणे, ही त्याची भाषा होय.

या सगळ्यातून काय मिळते? हिवाळ्याच्या सकाळी उन्हाच्या कवडशात तो पाय ताणून पडतो. स्वयंपाकघरात आजीच्या पायाशी येऊन बसतो. ज्याने कधी हात उगारलेलाच पाहिला, तो एके दिवशी आपणहून त्या हातावर आपले अवजड डोके टेकवितो. कधी कधी तर दात, डोळे व कातडी यांची नीट निगा झाल्यावर महिन्यांचा म्हणून आलेला पाहुणा वर्षभर राहतो. पण त्या आशेवर कोणी हे व्रत घेऊ नये.

मुलांना काय सांगावे?

“आई, हा मरणार हे ठाऊक होते, मग आपण त्याला आणलेच कशाला?” असा प्रश्न घरातील लहान मूल केव्हा ना केव्हा विचारणारच. त्याला खोटे सांगू नये. कुत्रा गावी गेला, कोणी घेऊन गेले, असली बतावणी मुलाला काही दिवसांत कळते आणि मग त्याचा मोठ्यांवरील विश्वास उडतो. “तो कुठे ना कुठे मरणारच होता बाळ, तो एकटा मरू नये म्हणून आपण त्याला आणले,” हे उत्तर सहा वर्षांच्या मुलालाही समजते. पाण्याचे भांडे भरणे, फडके वाळत घालणे, असे एखादे छोटे काम मुलाकडे सोपवावे. ज्याची सेवा केली त्याच्यासाठी रडताना मनाला एक आधार असतो.

निर्णयाची घडी

या सेवेतील सर्वांत अवघड भाग शेवटी येतो. पुरे केव्हा म्हणावयाचे? मायेचा माणूस आणखी एक दिवस, आणखी एक आठवडा असे म्हणत राहतो, आणि तो आठवडा कुत्र्याला मोजावा लागतो. ॲलिस व्हिल्लालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी २००४ साली यासाठी एक साधे कोष्टक सुचविले. वेदना, भूक, तहान, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, अशा सात बाबींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यावयाचे. सत्तरांपैकी बेरीज पस्तिसांच्या वर राहील तोवर सेवा पुढे चालविण्यास हरकत नाही. वेदनेच्या रकान्यातच श्वासाचाही विचार येतो, आणि त्याला त्यांनी अग्रस्थान दिले आहे. बुलडॉगच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे. भूक असेल, शेपटाचा बुंधा हलत असेल, तरी ज्याला प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागतो तो सुखात आहे असे म्हणता येणार नाही. हे गुण दर रविवारी वहीत लिहून ठेवावेत. मन फसविते, पण वहीतील आकडे उतरू लागले की डोळेझाक करता येत नाही.

मग पशुवैद्याच्या हातून वेदनारहित मरण देण्याचा दिवस ठरतो. शक्य तर डॉक्टरांना घरीच बोलवावे. आधी गुंगीचे औषध देतात. त्याला गाढ झोप लागली की भूल आणणाऱ्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून देतात, आणि थोड्याच वेळात हृदय थांबते. डोळे उघडे राहू शकतात, क्वचित नंतर एखादा उसासाही येतो. तो यातनेचा नसतो. हे घरच्यांना आधी ठाऊक असलेले बरे. त्या वेळी कोणीतरी त्याच्या डोक्याशी बसावे. पुरावयाचे असेल तर खड्डा खोल असावा, कारण शरीरात राहिलेले ते औषध उकरून खाणाऱ्या दुसऱ्या जनावराला मारू शकते.

एक आक्षेप

“माणसे उपाशी असताना कुत्र्यावर एवढा खर्च?” असे कोणी म्हणेल. आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. ज्या घरात माणसांच्या औषधाला पैसा पुरत नाही, त्या घराने हे ओझे घेऊ नये, आणि त्याबद्दल खंतही करू नये. परंतु ज्यांना जमते त्यांच्या घरी माणसाच्या वाट्याची दया कुत्रा खाऊन टाकतो, असा अनुभव नाही. रोज चारदा उठून एका मुक्या जिवाचे तोंड पुसणारा हात शेजारच्या आजाऱ्यासाठीही लवकर उठतो.

आणि जे पालकघर होऊ शकत नाहीत त्यांच्या हाती एक गोष्ट आहेच. चित्रातील चपट्या तोंडाचे गोजिरवाणे पिल्लू पाहून मुले हट्ट धरतील, तेव्हा ते पिल्लू सात वर्षांनी कसे श्वास घेत असेल, हे त्यांना सांगावे. मागणी थांबली की पैदास थांबते. ऋण फेडण्याचा हा मार्ग बिनखर्चाचा आहे, आणि तो प्रत्येक घराला खुला आहे.